परस, आमराई आणि तळे

इतिहासलेखक किल्ल्यांचे वर्णन करतो, वाड्यांचे करतो, देवळांचे तर पुष्कळच करतो; परंतु घराच्या मागील दारी जो मोकळा तुकडा असतो त्याच्याकडे त्याची दृष्टी सहसा वळत नाही. कोकणात त्यास परडे म्हणतात, देशावर परस म्हणतात, आणि आमच्या वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत वाडी किंवा सांदवाडी म्हणतात. नावे निराळी असली तरी वस्तू एकच. तेथे आळवाला पाणी जाते ते मोरीचे, तेथे वालाचा मांडव असतो, कढीलिंबाचे झाड असते, आणि घरातील धाकटी मुले पहिला सरडा व पहिले पाखराचे घरटे पाहतात तीही तेथेच. मनुष्य आणि इतर प्राणी यांचा अत्यंत जवळचा व नित्याचा संबंध जर कोठे घडून आला असेल, तर तो या तुकड्यात. अशा स्थळाला इतिहास नसावा हे संभवनीय नाही. तो लिहिला गेला नाही, इतकेच.

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एक नवी आवड उत्पन्न झालेली दिसते. अंगणात केवळ शोभेची झाडे न लावता पाखरे, फुलपाखरे, बेडूक, मुंगूस यांनाही आश्रय मिळेल अशी बाग करावी, असे पुष्कळांना वाटू लागले आहे. अमेरिकेतील एका राष्ट्रीय वन्यजीवसंस्थेने इ. स. १९७३ पासून अशा अंगणांना मान्यतापत्रे देण्याची प्रथा सुरू केली, इ. स. २००७ मध्ये डग्लस टॅलमी या कीटकशास्त्रज्ञाचा या विषयावरील ग्रंथ निघाला आणि तो फार वाचला गेला. त्यामुळे ही कल्पना पाश्चात्य व अगदी नवी आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. तो समज कितपत खरा आहे, आणि आपल्या प्रांतात या गोष्टीचा पूर्वेतिहास काय आहे, याचा विचार भंडारा जिल्ह्याच्या आधाराने येथे करावयाचा आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, घराचा परस, गावाची आमराई आणि आमराईपलीकडचे तळे ही तिन्ही येथे एकमेकांस जितकी बांधलेली आहेत तितकी महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळतील.

प्रथम प्राचीनांकडे पाहू. वात्स्यायनाने नागरिकाच्या घराचे वर्णन करताना ते पाण्याजवळ असावे व त्यास वृक्षवाटिका असावी असे सांगितले आहे, आणि त्या वाटिकेची जोपासना गृहिणीकडे सोपविली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्यायच घातला आहे. त्याचा प्रारंभ मोठा अर्थपूर्ण आहे: ज्यांच्या काठी सावली नाही असे जलाशय मनोहर दिसत नाहीत, म्हणून पाण्याच्या काठी बागा कराव्या, असे तो सांगतो. घराजवळ व बागेत आरंभी कोणते वृक्ष लावावे याचीही त्याने यादी दिली आहे, आणि तीत निंब, अशोक, शिरीष असे सर्व वृक्ष याच भूमीतील आहेत. पाणी आणि सावली यांची जोडी त्याने शास्त्राच्या पहिल्याच वाक्यात घातली, हे ध्यानात ठेवावे. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट गृहस्थधर्मात आहे. नित्याच्या पाच महायज्ञांत भूतयज्ञ हा एक सांगितला आहे. शिजविलेल्या अन्नातील काही भाग घराबाहेर पशुपक्ष्यांसाठी व कीटकांसाठी ठेवावयाचा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ. काकबली, गोग्रास, मुंग्यांना घातलेले पीठ, धानपट्ट्यात ओसरीच्या आढ्याला चिमण्यांसाठी टांगलेल्या धानाच्या लोंब्या, ही सर्व त्याच वृत्तीची लौकिक रूपे होत. यांत पुण्याची कल्पना असेल, भीतीही असेल. परंतु घराच्या हद्दीत मनुष्येतरांचा काही वाटा आहे हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले होते. मराठेशाहीतील आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड तोडताना आंबे, फणस यांसारखी रयतेची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षानुवर्षे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, अशा आशयाची आज्ञा आहे. राज्याच्या गरजेपुढे परसातील झाडाची बाजू मांडणारा राजकारणी ग्रंथ आपल्या भाषेत आहे, ही अभिमानाची गोष्ट होय.

आता भंडाऱ्याकडे वळू. या प्रदेशात पाऊस पन्नास इंचांच्या आसपास पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि उन्हाळा तर इतका कडक की मे महिन्यात नदीकाठची वाळूदेखील पाय ठरू देत नाही. धानाला पाणी लागते, उसाला त्याहून अधिक लागते. म्हणून येथील मनुष्याने पाणी अडविण्याची विद्या सिद्ध केली. ही विद्या विशेषतः कोहळी समाजाची. गोंड राजांच्या कारकिर्दीत जंगल तोडून जो तळे बांधील त्याला जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. उतार ओळखून दोन टेकड्यांमध्ये मातीची पार घालावयाची, पाणी सोडण्यास तुडूम ठेवावयाचा, जादा पाणी निघून जाण्यास वाट ठेवावयाची, आणि एका तळ्याचे सांडलेले पाणी खालच्या तळ्यात पडेल अशी रचना करावयाची. कागदावर एक रेघही न ओढता हे सर्व केलेले आहे. अशी तळी या भागात हजारोंनी आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला असे मानतात. त्याचा घेर सुमारे सतरा मैल भरतो. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटील कोलासूर या नावाने देवपदास पोहोचला आहे. पाणी अडविणाऱ्यास देव करणारी माणसे पाण्याची किंमत जाणत होती यात संशय नाही. हे गाव पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गोंदिया जिल्ह्यात मोडते.

तळे झाले की पारेच्या आसऱ्याने आमराई येई, आमराईच्या अलीकडे गाव येई, आणि गावात प्रत्येक घरामागे वाडी येई. उन्हाळ्यात तळे आटले म्हणजे त्यातला गाळ बैलगाड्यांनी निघे. तो बांध्यांत पडे तसा परसातही पडे. वाडीत जांब, सीताफळ, पपई, शेवगा, लिंबू, कुंपणाला वेलभाज्या, आणि एखादा हादगा, ज्याला इकडे हेटी म्हणतात व ज्याच्या फुलांची भाजी होते. ही झाडे माणसाने आपल्या पोटासाठी लावली होती, परंतु त्यांवर जगणारे मात्र कितीतरी होते. लिंबाच्या व कढीलिंबाच्या पानांवर एका जातीच्या फुलपाखराची अळी वाढते, सीताफळाच्या पानांवर दुसऱ्या जातीची, एरंडावर तिसऱ्या जातीची, आणि कुंपणातल्या रुईवर चौथ्या जातीची. त्या अळ्या टिपून शिंपी आणि दयाळ आपली पिले वाढवितात. हेटीच्या फुलांवर शिंजीर येतो. धानाच्या कणगीभोवती उंदीर जमतात, आणि त्यांचा समाचार घेण्यास आमराईतल्या जुन्या आंब्याच्या ढोलीतून पिंगळा रात्री येतो. पहिल्या पावसात तळ्याकाठी जन्मलेला बेडूक परसातील आळवात येऊन राहतो. सारांश, ज्याला आज प्राणिशास्त्रज्ञ अधिवास म्हणतात तो येथे कोणी मुद्दाम निर्माण केलेला नव्हता. पाणी, सावली आणि अन्न ही तिन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तो आपोआप जमून आला होता.

या स्थितीत पहिला मोठा बदल इंग्रजी अंमलात झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी साहेबाचा बंगला आला आणि बंगल्याबरोबर कंपाउंड आले. परस घराच्या मागे असे. कंपाउंड घराच्या चहूंकडे असे, आणि त्याचा दर्शनी भाग पाहणाऱ्यासाठी असे. तेथे हिरवळ हवी, कुंड्यांच्या रांगा हव्या, क्रोटन, बोगनवेल, झिनिया हवीत. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो यांचा हिंदुस्थानातील बागकामावरील ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक आवृत्त्यांनी खपला, यावरून ही आवड किती पसरली होती हे कळते. आपल्याकडील वकील, मामलेदार, शिक्षक यांनी ती उचलली. फुले मागील दारची पुढे आली. भाजी मात्र बाजारातून येऊ लागली. यात केवळ अनुकरण होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बागेत निवांतपणे बसण्याचे सुख, घरातील स्त्रियांना मोकळ्या हवेत वावरण्याची सोय, ऋतूऋतूंची फुले, हे लाभ खरे आहेत. पण बाग म्हणजे पाहण्याची वस्तू, ही समजूत याच काळात रूढ झाली, आणि पानाला भोक पडले की माळ्यास बोलावून औषध मारावयाचे ही रीतही पुढे तिच्यातूनच निघाली.

गंमत अशी की, याच बंगल्याच्या कंपाउंडात आपल्या प्रांतातील आधुनिक निसर्गनिरीक्षणाचाही जन्म झाला. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा एका मिशनऱ्याचा मुलगा, इ. स. १८५१ मध्ये साताऱ्यास जन्मलेला. तो मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस होता. इ. स. १८८३ मध्ये त्याचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी अफगाण सरहद्दीवरील टोळ्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून चालत असे. एटकेनने विनोदाने दाखविले की, प्रत्येक बंगल्याला अशी एक सरहद्द असते आणि तिच्यावर उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, कोळी, बेडूक अशा टोळ्या नांदत असतात. पुस्तकाच्या उत्तरार्धातील तीन प्रकरणांचा क्रम पाहण्यासारखा आहे: पहिले बागेतील पक्ष्यांवर, दुसरे आमराईतील पक्ष्यांवर, तिसरे तळ्यावरील पक्ष्यांवर. घरातून निघून बाहेर पाहू लागलेल्या या निरीक्षकाची पावले त्याच वाटेने गेली, जी वाट भंडाऱ्याच्या गावकऱ्याने शतकापूर्वी आखून ठेवली होती.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून निसर्गेतिहासाची संस्था स्थापन केली. त्यांत एटकेन होता, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले लोक होते. पहिले प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक, दुसरे औषधी वनस्पतींचे जाणते. धर्मसुधारणा, वैद्यक आणि पाखरांचे निरीक्षण ही त्या पिढीस परस्परांहून फार दूरची वाटत नव्हती. संस्थेचे नियतकालिक इ. स. १८८६ मध्ये सुरू झाले तेव्हा एटकेनच्या जोडीस संपादक म्हणून स्टर्नडेल होता, ज्याने आमच्या शेजारच्या सिवनीच्या जंगलांवर इ. स. १८७७ मध्ये पुस्तक लिहिले होते. दुर्दैव एवढेच की, ही परंपरा दीर्घकाळ इंग्रजीतच राहिली. मराठी घरातील मुलाला बुलबुल व सातभाई मराठीत भेटावे यासाठी पुष्कळ वाट पाहावी लागली. नवेगावबांध येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ यांसारख्या ग्रंथांनी ही उणीव भरून काढली, आणि इ. स. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले तेव्हा रानाला व पाखरांना मराठी साहित्यात हक्काची जागा मिळाली.

बागेच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख एकांगी होईल. बागेत लावलेले सर्वच बागेत राहते असे नाही. घाणेरी ही अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली असे सांगतात. आज ती देशभरच्या रानांत माजली असून तिच्याखाली गवत उगवत नाही. जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी बंगालमध्ये आली, आणि तिने नद्या व तळी झाकून टाकली. आमच्या भागात ही शिक्षा बेशरम नावाच्या झुडपाने दिली. दक्षिण अमेरिकेतील हे झुडूप कुंपणासाठी फार सोयीचे: काडी खोचली की जगते, गुलाबी फुले येतात, आणि गुरे त्यास तोंड लावीत नाहीत. कुंपण म्हणून जो गुण तोच तळ्याच्या काठी दुर्गुण ठरला. गुरे खात नाहीत म्हणून ते थांबत नाही. काडी जगते म्हणून पाण्याबरोबर वाहत जाऊन खालच्या तळ्यात रुजते. देवधान, कमळ, शिंगाडा जेथे होता तेथे बेशरमीचे रान झाले, आणि त्या पाणवनस्पतींच्या आश्रयाने अंडी घालणारे मासे व पाणपक्षी यांची जागा गेली. एका घराच्या कुंपणाची सोय साऱ्या गावाच्या तळ्याला भोवली.

तळ्यांची उपेक्षा होण्यास दुसरेही मोठे कारण झाले. इंग्रजी बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली होती, आणि तळ्याची देखभाल त्यांच्या देखरेखीखाली होई. इ. स. १९५० च्या कायद्याने मध्यप्रांतातील मालगुजारी संपली व तळी सरकारकडे आली. पुढे लहान तळी जिल्हा परिषदांकडे गेली. न्यायाच्या दृष्टीने हा बदल आवश्यकच होता. परंतु गाळ कोणी काढावयाचा, पार कोणी सांभाळावयाची, या कामाचा वारसा मात्र मालकीबरोबर गेला नाही. तळी उथळ झाली, पारेवरील झाडे विरळ झाली, आमराया तुटल्या. अलीकडे या बाबतीत आशेचे चिन्ह दिसते ते असे की, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेने ढिवर मच्छीमारांच्या परंपरागत ज्ञानाचा आदर करून, बेशरम उपटून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावून काही तळी सजीव करण्याचे काम चालविले आहे. कोणती वनस्पती कोणत्या माशाला हवी हे ढिवरांना ठाऊक होते. ते त्यांना विचारावे हे मात्र फार उशिरा सुचले.

येथे कोणी म्हणेल की, प्रस्तुत लेखक जुन्या गावाचे गोड चित्र रंगवीत आहे. हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्या आमराईचे वर्णन वर केले तिचे आंबे बहुधा मालगुजाराच्या घरी जात. तिची राखण करणाऱ्याच्या झोपडीमागे मोठी वाडी असेच असे नाही. तळ्याचे पाणी प्रथम कोणाच्या बांधीत जाई आणि पाणवठ्यावर कोणास मज्जाव असे, हे सर्वांस ठाऊक आहे. मुंग्यांना पीठ घालणाऱ्या घरातून मनुष्याला दूर उभे केले जात असे, ही लज्जास्पद गोष्ट झाकून भूतयज्ञाचे गोडवे गाता येणार नाहीत. म्हणून जुन्या व्यवस्थेपासून घ्यावयाचे ते तिचे ज्ञान. तिची उतरंड घ्यावयाची नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. डासांपासून हिवताप होतो हे इ. स. १८९७ मध्ये रॉनल्ड रॉसने सिद्ध केले, आणि तेव्हापासून झाडी व पाणी यांविषयी सुशिक्षितांच्या मनात धास्ती बसली. ती निराधार नाही. परंतु डास होतात ते फुटक्या मडक्यात, टाकून दिलेल्या टायरात, उघड्या टाकीत, जेथे त्यांना खाणारे कोणी नसते. ज्या पाण्यात मासे आणि चतुराच्या अळ्या आहेत तेथे डासांच्या अळ्यांना भय असते. सापाचेही तसेच: अडगळ व उंदीर जेथे, तेथे तो येणारच, परस स्वच्छ ठेवावा, पण निर्जीव करू नये.

आणि आज खरा धोका निर्जीवतेचाच आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी, कोणत्याही गावी पाहावे: नवे घर बांधले की अंगणात प्रथम फरशी बसते. माती दिसणे हे दारिद्र्याचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. पावसाचे पाणी गटारात जाते, विहीर उन्हाळ्याआधी तळ गाठते, आणि दुपारी फरशी तापून घरात राहवत नाही. पाखरांसाठी सरकारने अभयारण्ये केली: नागझिरा १९७० मध्ये, नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये, कोका २०१३ मध्ये, त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पही झाला. हे सर्व उत्तम झाले. तथापि अभयारण्यास कुंपण घालून बाहेर सर्वत्र फरशी केली तर आतील पाखरू बाहेर येऊन बसेल कोठे? सारस हा डौलदार पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ गोंदिया-भंडाऱ्याच्या धानबांध्यांपुरताच उरला आहे, आणि तो घरटे बांधतो ते अभयारण्यात नव्हे, शेतकऱ्याच्या बांधीत व तळ्याच्या कडेला. त्याचे रक्षण कायद्याइतकेच शेजाऱ्याच्या सद्बुद्धीवर अवलंबून आहे.

तेव्हा ज्यांच्या घरामागे दहा हात का होईना जमीन आहे त्यांनी काय करावे, हे इतिहासच सांगतो. जेवढी फरशी अवश्य तेवढीच घालावी. या मातीत रुळलेली झाडे लावावी: एक निंब वा जांभूळ, एक लिंबू, कढीलिंब, सीताफळ, जमल्यास हेटी, आणि कोपऱ्यातली रुई उपटू नये. पानाला भोक पडले तर फुलपाखरू जेवून गेले असे समजावे. गळलेली पाने जाळण्याऐवजी एका कोपऱ्यात कुजू द्यावी. उथळ परळात पाणी ठेवावे आणि ते दररोज बदलावे. नवे शोभेचे झाड आणण्यापूर्वी ते कुंपणाबाहेर पळणारे तर नाही ना, एवढी चौकशी करावी. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आपल्या गावाचे वा पेठेचे तळे कोणते, त्याची पार कोणाच्या ताब्यात आहे, गाळ शेवटचा केव्हा निघाला, हे विचारीत राहावे. कारण पाण्यावाचून परस फार दिवस जगत नाही, हे वराहमिहिरालाही ठाऊक होते आणि कोलू पाटलालाही.

कोलू पाटलाने बांध घातला तेव्हा त्याच्या मनात पाखरे नव्हती, धान होते. तरीही पुढील अनेक पिढ्यांच्या हिवाळ्यात दूर उत्तरेकडील बदके त्याच्या पाण्यावर उतरत आली आहेत. ज्याने अन्नासाठी केले त्याच्या हातून इतके झाले. आपण तर जाणूनबुजून, ज्ञानपूर्वक करू शकतो. आणि ज्या पिढीला ज्ञान आहे तिच्याकडून हिशेबही अधिक कडक मागितला जाईल.